थंडीतल्या धुरक्यात घर कसं सांभाळावं

तीस वर्षं लॅबमध्ये बेडक्याच्या स्लाइड पाहिल्या. काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या गोल पेशी हमखास दिसायच्या, कधी विडीसुद्धा न ओढलेल्या माणसाच्याही. आम्ही त्यांना ‘डस्ट सेल’ म्हणायचो. म्हणजे फुफ्फुसांच्या वायुकोशांत गस्त घालणाऱ्या संरक्षक पेशी, मॅक्रोफेज. जंतू सापडला तर गिळून पचवतात. काजळीही गिळतात, पण ती पचत नाही. मग त्यांच्याकडून आयएल-६, टीएनएफ असले रासायनिक निरोप सुटतात, रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतू नसतानाच सूज चढते. निरोप यकृतापर्यंत पोचला की सूज दाखवणारं सीआरपी आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजन ही प्रथिनं वाढतात, रक्त लवकर गोठू लागतं. म्हणून धुराचा मार हृदयालाही बसतो. (यासाठी सीआरपी तपासत बसू नका. दाढेत पू झाला तरी तो वाढतो.)

चेंबूरच्या आमच्या घरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी काय करते, ते सांगते.

सकाळी हवेचा निर्देशांक (एक्यूआय) दाखवणारं सरकारी ‘समीर’ अ‍ॅप बघते. शंभरापर्यंत ‘समाधानकारक’ लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. पीएम २.५ मुळे, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांमुळे आलेला शंभर म्हणजे घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम कण. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे.

ह्यांचं पहाटेचं फिरणं बंद केलं; आठवडाभर अबोला होता. थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसते, वर उबदार हवेचं झाकण, धूर खाली कोंडतो. दुपारी ऊन तापून खारा वारा सुटला की पांगतो. म्हणून फिरणं चारनंतर, खिडक्याही तेव्हाच उघडायच्या. रस्त्याकडची नाही.

घरातला धूर आपल्या हातात. डासांची कॉइल आधी फेका. २००३ मधल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले होते. मच्छरदाणी बरी. उदबत्ती एकच, तीही खिडकीशी. सासूबाई फोटोतून काही बोलत नाहीत. एक्झॉस्ट फोडणीच्या आधी लावा, ठसका लागल्यावर नव्हे. केर कोरडा काढू नका, ओलं फडकं फिरवा.

दमा असेल तर पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचा नाही.

बाहेर जाताना ओढणी, रुमाल कुचकामी. एन९५ मास्क घ्या, नाकावरची पट्टी नीट दाबा. चष्म्यावर वाफ धरली तर हवा फटीतून जातेय असं समजा. दाढीवरही तो चिकटून बसत नाही. ह्यांची दाढी गेली ती त्यापायीच.