धरायचं नाही, सोडायचं: एका सोलापूरकराचं काईटसर्फिंग

सोलापूरचा माणूस काईटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीनं बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जाणं) शिकला म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठं बे, हिप्परग्याच्या तळ्यात?" दुसरा प्रश्न खर्चाचा आणि तिसरा पोहता येतं का हा. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या पाच-सहा जणांनी मला विचारलं की आम्हालाही शिकायचंय, काय काय बघायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आधीच सांगतो, मी काही एक्स्पर्ट नाही. रामेश्वरमला बेसिक कोर्स केला, मग गोव्यात मोरजीला थोडंफार चालवलं, आणि तिथंच एक मोठी चूक केली. ही सगळी पोस्ट खरं तर त्या चुकीबद्दलच आहे.

आपला प्रॉब्लेम काय आहे, की आपल्याला वाटतं पतंग आपल्याला माहितीय. संक्रांतीला गच्चीवर लहानपणापासून उडवलेत, कन्नी बांधता येते, ढील कधी द्यायची आणि खेच कधी मारायची हे हाताला माहीत असतं. माझ्या इन्स्ट्रक्टरला मी पहिल्याच दिवशी फुशारकीनं सांगितलं की पतंगाचं मला नका शिकवू, तो फक्त हसला. नंतर कळलं का हसला ते. गच्चीवरचा पतंग तुम्ही हातात धरलेला असतो, नको झाला की सोडून देता, गेला तर दहा रुपयाचा कागद गेला. इथं १२ मीटरचं, म्हणजे १२ स्क्वेअर मीटरचं काईट तुमच्या कमरेला हार्नेसनं, म्हणजे पट्ट्यानं, अडकवलेलं असतं, २० ते २४ मीटरच्या चार लाईन, आणि वाऱ्याचा जोर दुप्पट झाला की ओढ दुप्पट नाही तर चौपट होते. १२ नॉटला गंमत वाटणारं काईट २४ नॉटला तुम्हाला उचलून फेकू शकतं. (एक नॉट म्हणजे तासाला साधारण १.८५ किलोमीटर, हे डोक्यात बसवून घ्या, सगळे ॲप नॉटमध्येच बोलतात.)

रामेश्वरमचं थोडक्यात सांगतो. २०२४ च्या उन्हाळ्यात गेलो, तेव्हा पांबनच्या पुलावरची रेल्वे बंद होती, सोलापूरहून चेन्नई, तिथून पुढं गाडी आणि शेवटी बस असं धडपडत पोचलो. आता एप्रिल २०२५ ला नवा पूल सुरू झालाय त्यामुळं तुमचं बरं आहे. तिथं वर्षात दोन सीझन असतात, उन्हाळा-पावसाळ्यात नैऋत्येचा वारा आणि हिवाळ्यात ईशान्येचा. शिकायला जागा झकास, काही ठिकाणी पाणी कमरेएवढं आणि सपाट, लोक तुरळक, पडलं तरी उभं राहता येतं. बेसिक कोर्स साधारण दहा तासांचा, दोन-तीन-चार दिवसात विभागून. पहिल्या दिवशी तर बोर्डला हातही लावू देत नाहीत, नुसतं छोटं ट्रेनर काईट, मग मोठं काईट, मग बोर्डशिवाय पाण्यातून ओढत जाणं, मग पाण्यात अडकलो तर लाईन गुंडाळून काईटचीच होडी करून किनाऱ्याला कसं यायचं ते. ते शेवटचं कंटाळवाणं वाटतं पण मन लावून शिका. यूट्यूब बघून सेकंडहँड काईट घेऊन शिकायचा विचार असेल तर पुढं वाचू नका, वेळ वाया जाईल तुमचाही आणि माझाही.

आता मोरजी. रामेश्वरमला मी मोकळ्या जागेत शिकलो होतो, मला वाटायचं मला काईट येतं. मला काईट येत होतं, गर्दी येत नव्हती. मार्चचा महिना, रविवार. मोरजीला वारा दुपारीच येतो, जमीन तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार हवा आत येते, त्यामुळं सकाळी काही नसतं आणि दोन-अडीचला झाडं हलायला लागतात. नेमकी तेव्हाच जेवून टुरिस्टही बाहेर पडतात. म्हणजे वारा आणि गर्दी एकाच टायमाला. तुम्ही गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांच्या मधोमध २४ मीटर दोरी जमिनीवर अंथरून बघा काय होतं, तसंच तिथं झालं. मी शॅकच्या, म्हणजे बीचवरच्या हॉटेलच्या, समोर, जिथं मला बरं वाटलं तिथं, काईट फुगवलं आणि लाईन पसरल्या. दोन पोरं पळत गेली लाईनवरून, एका बाईची चप्पल अडकली, मी नुसतं "सॉरी सॉरी" करतोय. लॉन्चला, म्हणजे काईट वर चढवायला, मदत करायला ओळखीचं कुणी दिसेना म्हणून एका टुरिस्टाला म्हटलं भाऊ जरा काईट धरतो का. त्या बिचाऱ्यानं धरलं, आणि मी खूण करायच्या आतच हवेत भिरकावलं, आपण पतंगाला झोल देतो ना अगदी तसं. त्याची काय चूक, त्यालाही संक्रांतच माहीत.

काईट कडेनं सावकाश वर चढायच्या ऐवजी थेट मधल्या पट्ट्यात शिरलं, ज्याला पॉवर झोन म्हणतात. मला हिसका बसला. आणि मी काय केलं? बार, म्हणजे लाईन बांधलेला हातातला दांडा, छातीशी ओढला. पतंग हातातून निसटतोय म्हटल्यावर सोलापूरचा माणूस मांजा घट्टच धरणार. पण काईटचा बार जवळ ओढला की काईटला वारा जास्त मिळतो, जोर वाढतो. ओढलं की ते ओढतं, ते ओढलं की मी आणखी घाबरून ओढतो. पंधरा पावलं तरी फरफटत गेलो असेन, कुणीतरी मागून जिवाच्या आकांतानं "लेट गो, लेट गो" ओरडत होतं, ते मला ऐकू येत होतं पण हात ऐकत नव्हते. शेवटी एक लाईन कुणाच्या तरी छत्रीत अडकली, छत्री उपटून आली, तेव्हा कुठं मी भानावर येऊन क्विक रिलीज, म्हणजे काईटचा जोर झटक्यात काढून टाकणारा खटका, ढकलला आणि काईट एका लाईनवर लटपटत खाली पडलं. नशीब की कुणाला लागलं नाही. माझा गुडघा सोलला ते सोडा.

छत्रीखाली एक कुटुंब बसलं होतं. त्यातल्या काकू उठल्या, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "काय ओ, एवढा बाप्या माणूस आन् एक पतंग आवरंना व्हय?" मी मान खाली घालून म्हटलं, चुकलं काकू, लै चुकलं. तर म्हणतात कशा, "कुठलं तुम्ही?" सोलापूर म्हटल्यावर त्यांचा नवरा हसायला लागला, ते बार्शीचे निघाले. पण काकूंनी सोडलं नाही हां, "तिथं माझं नातू खेळत हुतं, ती दोरी त्याच्या गळ्याला लागली असती तर?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. संक्रांतीला नायलॉन मांज्यानं काय होतं ते आपण दरवर्षी पेपरात वाचतोच. काईटची लाईन काचेची नसते पण ताणलेली असली की तीही चिरते, बोटं तर बोटं, मान तर मान.

त्या दिवशी संध्याकाळी ज्यानं ओरडून ओरडून सांगितलं होतं त्या तिथल्याच एका काईटवाल्यानं मला बसवून जे सांगितलं ते आता तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, बार सोडा. नुसता हात सोडला तरी बार वर सरकतो आणि बराचसा जोर निघून जातो. तेवढ्यानं भागलं नाही तर क्विक रिलीज, त्यानं काईट एका लाईनवर झेंड्यासारखं फडफडतं. आणि तरीही ओढतच असेल तर लीशचा, म्हणजे काईटला तुमच्याशी जोडून ठेवणाऱ्या शेवटच्या दोरीचा, रिलीज, मग काईट पूर्ण सुटतं. पण हा तिसरा प्रकार गर्दीत अगदी शेवटचा उपाय, कारण सुटलेलं काईट वाऱ्याच्या दिशेनं जो असेल त्याच्या अंगावर जातं, आणि तिकडं तुमच्या काकू बसलेल्या असतात. म्हणून तो म्हणाला, काईट फुगवायच्या आधी वाऱ्याकडं पाठ करून उभा राहा आणि समोर काय आहे ते बघ. समोर माणसं, शॅक, होड्या, वायर असं काही असेल तर ती जागा तुझी नाही. दहा मिनिटं चाल, बीच संपेपर्यंत चाल, पण मोकळी जागा शोध. मोरजीला तर आणखी एक बघावं लागतं, ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घालायची जागा आहे ती, तिथं कुंपण घातलेलं असतं, त्याच्या आसपास सामान पसरायचंच नाही.

वारा समुद्राकडून तिरका किंवा किनाऱ्याला समांतर असेल तर उत्तम. जमिनीकडून समुद्राकडं वाहत असेल, ज्याला ऑफशोअर म्हणतात, तर कितीही मस्त वाटला तरी घरी जायचं, कारण काही बिघडलं तर तो तुम्हाला आत नेतो आणि परत आणायला कुणी नसतं. सरळ किनाऱ्यावर येणाऱ्या वाऱ्यालाही मी भितो, तो लोकांवर आणि भिंतीवर आणून आपटतो.

लॉन्चला येणारा माणूस काईटवालाच पाहिजे. मिळेना तर थांबा, नारळपाणी प्या. काईट पाण्याच्या बाजूनं वर चढवायचं म्हणजे हिसका बसलाच तर पाण्यात पडाल. अंगठा वर केल्याशिवाय समोरच्यानं सोडायचं नाही आणि सोडायचं म्हणजे नुसतं सोडायचं, फेकायचं नाही. वर गेलं की किनाऱ्यावर उभं राहून फोटो काढायला पोज द्यायची नाही, काईट डोक्यावर बरोबर बाराच्या काट्यावर धरून उभं राहणारे मी बघितलेत, एक झोत आला की माणूस उचलला जातो. काईट पाण्याच्या बाजूला थोडं खाली ठेवून सरळ पाण्यात चालू पडायचं.

कुणी पाण्यातून येऊन स्वतःच्या डोक्यावर थापट्या मारत असेल तर तो वेडा नाही, त्याला लँड करायचंय, म्हणजे काईट खाली उतरवायचंय. तुमचं लॉन्च बाजूला ठेवून आधी त्याचं काईट धरा, कारण तुम्ही मोकळे आहात, तो अडकलेला आहे. काईट धरल्यावर फुगलेल्या कडेच्या मधोमध धरा, लाईनला हात लावू नका. नंतर काईट उलटं करून त्यावर भरपूर वाळू टाका, आणि चहाला जायचं असेल तर लाईन गुंडाळून जा. हे कुणी करत नाही, मीही करत नव्हतो. पसरलेल्या लाईन म्हणजे कुणाच्या तरी पायात पडलेला सापळा आहे.

पाण्यातले नियम सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या ट्रॅफिकपेक्षा सोपे आहेत, फक्त इथं सगळे पाळतात. दोघं समोरासमोर आले तर ज्याचा उजवा हात पुढच्या बाजूला त्याचा हक्क, डावा पुढं असलेल्यानं वाट द्यायची. किनाऱ्यावरून आत जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, परत येणाऱ्यानं थांबायचं, कारण किनाऱ्यापाशी उभं राहणं सगळ्यात धोक्याचं. दोघं जवळून जाणार असतील तर वाऱ्याच्या वरच्या बाजूचा, म्हणजे जिकडून वारा येतो तिकडचा, काईट उंच धरतो, खालच्या बाजूचा खाली, नाहीतर लाईनमध्ये लाईन, आणि मग काटाकाटी नाही तर दोघांचीही वाट. लाटेवर असलेल्याला आडवं जायचं नाही. उडी मारायची तर वाऱ्याच्या दिशेला ५० मीटर आणि वरच्या बाजूला ३० मीटर मोकळं पाहिजे, आणि पोहणाऱ्यांपासून किमान दोन लाईनएवढं, म्हणजे पन्नासेक मीटर लांब. बीचवरच्या पोरींना उडी दाखवायला काठाशी येणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका. हेल्मेट घाला. बोर्डला दोरी बांधू नका, तो स्प्रिंगसारखा येऊन डोक्यात बसतो. लाईन कापायची छोटी सुरी हार्नेसला पाहिजेच.

एक गोष्ट पुस्तकी नाही पण मला सगळ्यात उपयोगी पडली. आता मी गेलो की आधी आजूबाजूच्या लोकांशी बोलतो. शॅकवाला, लाईफगार्ड, वाळूत बसलेली फॅमिली. "मी इथून काईट उडवणार आहे, पोरांना जरा त्या बाजूला खेळवाल का" एवढंच. शंभरातले नव्वद लोक हसून सरकतात, उलट पोरं टाळ्या वाजवतात. जे नाही सरकत त्यांचाही बीच आहे, मग मी सरकतो. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज येतो तेव्हा एवढी गर्दी आपोआप वाट देते, पण तो मान नंदीध्वजाचा, आपल्या काईटचा नाही.

आता हिप्परग्याचं. नाही, आणि उजनीतही नाही. आपल्याकडचा वारा झाडं, टेकड्या, बिल्डिंगा यांच्यावरून येतो त्यामुळं तो झटक्याझटक्यानं येतो, एका मिनिटात १० नॉट, पुढच्या मिनिटाला २०, आणि सोडवायला बोट नाही. सोलापुरात राहून करण्यासारखं म्हणजे आधी पोहणं पक्कं करा, आणि दोन-तीन मीटरचं ट्रेनर काईट मोकळ्या मैदानात उडवा, विजेच्या तारांपासून आणि होटगी रोडच्या विमानतळापासून लांब. हो, आता विमान आहे, जून २०२५ पासून सोलापूर-गोवा सुरू झालंय, त्यामुळं माझ्यासारखं रात्रभर बसमध्ये घडी होऊन जायची गरज नाही. सुरुवातीला सामान भाड्यानंच घ्या, स्वतःचं काईट घ्यायची घाई नको.

आणि क्विक रिलीजची सवय. मी हार्नेस आणि बार घरी आणलाय, बार खिडकीच्या गजाला बांधतो, डोळे मिटतो, आणि आधी बार सोडायचा मग रिलीज ढकलायचा, असं रविवारी वीस-पंचवीस वेळा करतो. पहिल्यांदा हात अजूनही आधी आवळतातच, खोटं कशाला सांगू. आई स्वयंपाकघरातून बघत असते. परवा म्हणाली, "पट्टा बांधून खिडकीला लटकतोस, शेजारचे विचारायलेत पोराला काय झालंय म्हणून."