अमेरिकी बटालियनमधला वांशिक दृष्टिकोन कसा मोजावा

सैनिकाला काय वाटतं आणि त्याला आजूबाजूला काय घडताना दिसतं, हे वेगवेगळं विचारा. ‘गोऱ्या आणि कृष्णवर्णीय सैनिकांनी एका खोलीत राहायला माझी हरकत नाही’ हे मत. ‘एकाच चुकीसाठी आमच्या कंपनीत कृष्णवर्णीयांना जास्त शिक्षा होते’ हे निरीक्षण (कंपनी म्हणजे बटालियनमधली एक तुकडी). दोन्हींच्या गुणांची बेरीज कधीच करू नका. प्रत्येक भागात आठ-दहा विधानं ठेवा, ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशा 5 पर्यायांची. निम्मी उलट्या अर्थाने लिहा आणि त्यांचे गुण मोजताना फिरवून घ्या (1 चे 5, 2 चे 4). ते राहिलं तर सगळ्यांची सरासरी मध्यावर येते आणि चूक लक्षातही येत नाही. ‘भेदभाव होतो का’ असं मोघम नको: बढती, रजा, शिक्षा यांबद्दल, गेल्या 12 महिन्यांपुरतं विचारा.

600 जणांत 60 कृष्णवर्णीय असतील, तर सरसकट निवडलेल्या 100 मध्ये ते जेमतेम 10 येतील. म्हणून साठही घ्या आणि उरलेल्या 540 मधून चिठ्ठ्या टाकून 120. सगळ्यांनी उत्तर दिलं, तर बटालियनचा एकत्रित आकडा काढताना या 120 जणांच्या प्रत्येक उत्तराला 4.5 भारांक द्या, म्हणजे एक उत्तर साडेचार जणांचं धरा (540 ÷ 120). गळती झाली तर भारांक नव्याने काढा.

सगळ्यात जास्त बिघाड हुद्द्यामुळे होतो. सार्जंट खोलीत असेल तर सैनिक त्याला रुचेल तेच लिहितो. कागद बाहेरच्या माणसाने वाटावेत, भाग घेणं ऐच्छिक असावं. दुसऱ्या महायुद्धात भूदलाच्या संशोधन शाखेने कृष्णवर्णीय सैनिकांकडून प्रश्नावल्या भरून घेण्याचं काम कृष्णवर्णीय सैनिकांकडेच दिलं होतं. नाव न विचारताही वंश, हुद्दा, लिंग आणि कंपनी एकत्र आले की माणूस ओळखता येतो, म्हणून हुद्दे ढोबळ गटांत विचारा. 5 पेक्षा कमी उत्तरांचा गट छापू नका. त्यासोबत आणखी एक गटही झाका, नाहीतर एकूण बेरजेतून वजाबाकी करून आकडा निघतो.

निष्कर्ष गटवार मांडा. 1945 मध्ये युरोपातल्या गोऱ्या सैनिकांना, आपल्या कंपनीत कृष्णवर्णीयांची प्लॅटून (कंपनीतली छोटी तुकडी) आली तर कसं वाटेल, असं विचारलं गेलं. सैन्यातली वर्णभेदी रचना मोडणारा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश 1948 चा, म्हणजे तो अजून निघायचा होता. अशी प्लॅटून जवळपास नसलेल्या तुकड्यांत 62 टक्क्यांनी ‘अजिबात आवडणार नाही’ म्हटलं, तर प्रत्यक्ष अशा कंपनीत लढलेल्यांत फक्त 7 टक्क्यांनी. एकच सरासरी काढली असती तर ही दरी दिसलीच नसती. मात्र त्या प्लॅटूनमधले सैनिक स्वेच्छेने आले होते, त्यामुळे सारा फरक सहवासाच्या खात्यावर टाकता येत नाही. तुमच्या अहवालातही गट कसे बनले ते आकड्यांच्या शेजारीच लिहा.