आबा दहा वेळा की अकरा? मतदारसंघाचा निवडणूक इतिहास जुळवताना

२०१९ च्या विधानसभेच्या तोंडावर मी आमच्या पेपरसाठी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघाची चौकट लिहिली होती. निवडणूक आयोगाचे अहवाल समोर ठेवून एकेक वर्ष मोजलं आणि ठोकून दिलं, गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, दहा वेळा आमदार. सकाळी सातला फोन. आबांच्या शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) कुणी जुने कार्यकर्ते, आवाजावरून पंचाहत्तरीच्या पुढचे.

"ताई, चौऱ्याहत्तर कुठं गेलं?"

खरंच गेलं होतं. १९७२ ला आबा हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत निवडून आले. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक येत नाही, तिचे निकाल वेगळ्या जागी असतात. १९६२, ६७, ७८, ८०, ८५, ९०, ९९, २००४, ०९, १४ हे झाले दहा. चौऱ्याहत्तर धरून अकरा.

तेव्हापासून मी वही अशी आखते. डावीकडे वर्षं: १९६२, ६७, ७२, ७८, ८०, ८५, ९०, ९५, ९९, २००४, ०९, १४, १९, २४. दर दोन निवडणुकांच्या मधे एक ओळ कोरी. त्या काळात आमदार वारले का, लोकसभेवर गेले का, राजीनामा दिला का, कोर्टाने निवडणूक रद्द केली का, हे तपासल्याशिवाय त्या ओळीवर रेघ मारायची नाही. तुम्हीही असंच करा.

१९६२ च्या मागे जायचं असेल तर 'महाराष्ट्र' शोधून काही मिळणार नाही. १९५७ चे निकाल द्वैभाषिक मुंबई राज्याखाली आहेत. १९५२ ला तर तीन दारं ठोठवावी लागतात: पश्चिम महाराष्ट्रासाठी मुंबई, मराठवाड्यासाठी हैदराबाद, विदर्भासाठी मध्य प्रदेश. शिवाय त्या दोन निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्य होते, तिथे एका जागी दोन विजेते दिसले तर छपाईची चूक समजू नका.

पुढचा खड्डा हद्दीचा. नाव तेच राहतं, गावं बदलतात. १९६७, १९७८ आणि २००९ या तीन निवडणुका नव्या हद्दींवर झाल्या. जागाही २६४ च्या २७० आणि मग २८८ झाल्या. वहीत या तीन वर्षांच्या वर लाल रेघ मारा. रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची मतं शेजारी ठेवून "मताधिक्य घटलं" असं लिहिणं म्हणजे वाटणी झालेल्या रानाचं उत्पन्न जुन्या सातबाऱ्यावर मोजणं. २००८ च्या परिसीमन (मतदारसंघांच्या हद्दी नव्याने ठरवण्याच्या) आदेशात तालुका आणि महसूल मंडळ देऊन हद्द लिहिली आहे. सांगोल्यात सगळा सांगोला तालुका आहेच, पण पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळही आहे. ते माहीत नसेल तर भाळवणीकर सांगोल्याच्या उमेदवारावर का चिडलेत, हे कळायचं नाही.

पक्षाच्या रकान्यात नुसतं 'काँग्रेस' लिहू नका. शरद पवारांनी बारामतीतून १९६७ ते १९९० सलग सहा सार्वत्रिक निवडणुका जिंकल्या, पण १९८० ला ते अर्स काँग्रेसचे होते आणि १९८५ ला समाजवादी काँग्रेसचे. अहवालातलं संक्षिप्त नाव जसंच्या तसं उतरवा, अर्थ नंतर लावा.

मतदारसंख्या एकदम फुगलेली दिसली तर आधी वर्ष बघा. मतदानाचं वय २१ वरून १८ झाल्यावरची पहिली विधानसभा १९९० ची. 'नोटा' (वरीलपैकी कोणीही नाही) विधानसभेला २०१४ पासून. तो रकाना वगळू नका, २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता. अनामत रक्कम वाचली की जप्त झाली, हे मात्र वैध मतांच्या एक षष्ठांशावर ठरतं आणि त्यात नोटा धरत नाहीत.

आता खरी गंमत. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी (हो, 'काय झाडी, काय डोंगर'वाले) काँग्रेसकडून आबांना १९२ मतांनी हरवलं. २०१९ ला तेच बापू शिवसेनेकडून ९९,४६४ मतं घेऊन आले आणि आबांचे नातू अनिकेत देशमुख ९८,६९६ वर थांबले. फरक ७६८. म्हणजे ३८५ जणांनी वेगळं बटण दाबलं असतं तरी निकाल फिरला असता. असे ३८५ कोणत्या गावात होते, हे शोधायला आयोगाचा अहवाल पुरत नाही. तिथे नमुना २० लागतो.

नमुना २० म्हणजे मतदान केंद्रनिहाय निकालपत्रक, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. बरेचदा स्कॅन केलेलं, वाकडं, ३ की ८ कळत नाही असं. शंका आली की आडवी बेरीज करा, एकूण जुळली नाही तर आकडा चुकीचा वाचलाय. त्यात केंद्राचा नुसता क्रमांक असतो, गावाचं नाव नसतं. म्हणून त्याच वर्षीची मतदान केंद्रांची यादी शेजारी हवी. दुसऱ्या वर्षीची चालत नाही, कारण मोठ्या गावात एक केंद्र वाढलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. मी एकदा सरकलेल्या यादीवरून अख्ख्या गावाला 'फिरलेलं' ठरवलं होतं. गाव होतं तिथंच होतं, मी एक ओळ खाली होते. टपाली मतं शेवटी वेगळी येतात, ती कुठल्याच गावाच्या नावावर घालू नका.

आकडे कागदावरून घ्या, कारणं माणसांकडून. आणि ती दोन्ही बाजूंच्या माणसांकडून. १९९५ च्या १९२ मतांचं विचाराल तर एका पारावर एक गोष्ट ऐकाल, दुसऱ्या पारावर बरोबर उलटी. दोन्ही लिहून घ्या, माणसाचा पक्ष आणि तारखेसकट.

२०२४ ला आबांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख २५,३८६ मतांनी आले, तेव्हा चौकट पुन्हा माझ्याकडेच आली. छापायला द्यायच्या आदल्या रात्री मी ती त्या सातच्या फोनवाल्या काकांना वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकली आणि म्हणाले, "आबांच्या नावात अण्णासाहेब राहिलंय."