विदर्भाच्या उन्हात सुपरचार्ज्ड सेडान: ताकद वाढवण्याआधी थंडाव्याची तयारी

जुनी मर्सिडीज सी 200 कॉम्प्रेसर आता विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतही अधूनमधून दिसते. तिचे 1796 सीसीचे एम 271 इंजिन डब्ल्यू 203 या आवृत्तीत 163 आणि डब्ल्यू 204 मध्ये 184 अश्वशक्ती देते, आणि सुपरचार्जरची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राची) पुली, म्हणजे बेल्टवर फिरणारे चाक, बदलून त्यात भर घालता येते, हे ऐकून अनेक मालक थेट पुलीच्याच शोधाला लागतात. आपल्याकडे हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. नवतपाच्या दिवसांत पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा ही गाडी तिच्या मूळ ताकदीपैकी बराच भाग आधीच गमावून बसलेली असते. तो परत मिळवणे हे पहिले काम आहे, आणि नवी ताकद हे त्यानंतरचे.

यामागचे कारण आकड्यांत पाहावे. हवा दाबली की तापते. 45 अंशांची हवा सुपरचार्जरने अर्धा बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब) दाबली आणि त्याची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे 110 अंशांची असते. छोटी पुली लावून दाब 0.65 बारवर नेला, तर तीच हवा 125 अंशांच्या पुढे जाते. ही हवा इंटरकूलरमधून, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीतून, जाते खरी, पण तो तिला बाहेरच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. सिलिंडरमध्ये गरम हवा गेली की नॉकिंगची, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याची, शक्यता वाढते. नॉक सेन्सरला ते कळताच ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद उतरते. शिवाय 25 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा सुमारे 6 टक्के विरळ असते. म्हणून हिवाळ्यातल्या सकाळी तरतरीत वाटणारी गाडी मे महिन्याच्या दुपारी जड वाटते.

सुरुवात मोजमापाने करावी. गावाकडे डायनोची (ताकद मोजणाऱ्या यंत्राची) सोय नसते, पण ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे उपकरण) आणि मोबाइलवरचे लॉगिंग ॲप पुरेसे ठरते. इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान, बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब) आणि टायमिंग किती मागे घेतले जाते, हे चार आकडे एकाच रस्त्यावर, एकाच गिअरमध्ये, वेगमर्यादेत राहून नोंदवावेत. एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी. या दोन नोंदींतला फरक म्हणजे तुमच्या गाडीला उन्हाने केलेला तोटा होय. पुढे केलेला प्रत्येक बदल या नोंदींशीच ताडून पाहावा.

याच टप्प्यावर इंजिनाची प्रकृतीही तपासून घ्यावी. एम 271 मध्ये टायमिंग चेन (झडपांची हालचाल इंजिनाशी जुळवणारी साखळी) ताणली जाणे आणि कॅमशाफ्ट ॲडजस्टरचे (झडपा उघडण्याची वेळ बदलणाऱ्या भागाचे) दाते झिजणे ही सर्वज्ञात दुखणी आहेत. थंड इंजिन सुरू करताना काही क्षण खडखडाट येत असेल, तर पुलीचा विचार बाजूला ठेवून आधी चेनचे काम करावे. क्रँककेस ब्रीदरच्या (इंजिनाच्या तळातली वाफ बाहेर नेणाऱ्या मार्गाच्या) रबरी नळ्या उष्णतेने तडकतात आणि त्यातून हवा गळते. त्या बदलून टाकणेच बरे.

आता रेडिएटर. आपल्या भागात तो आतून जितका खराब होतो, तितकाच बाहेरूनही होतो. वेचणीच्या हंगामात जिनिंगच्या परिसरातून उडणारी रुई, सोयाबीनच्या मळणीचे कुटार, पांदण रस्त्याचा फुफाटा आणि वणी-चंद्रपूरकडे कोळशाची धूळ, हे सर्व एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन बसते. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, पण मागच्या थरात नमदा तयार झालेला असतो. त्यामुळे पुढचा बंपर उतरवून हे तिन्ही भाग शक्य तितके वेगळे करावेत आणि कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढच्या दिशेने धुवावेत. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारल्यास पातळ पाती वाकतात आणि हवेचा मार्ग कायमचा बंद होतो. जोडणी करताना रेडिएटरच्या कडेने असलेल्या फोमच्या पट्ट्या आणि पंख्याचे आवरण जागच्या जागी आहेत ना, ते पाहावे. त्या पट्ट्या नसतील तर हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने निसटते. बाजारात फोमच्या पट्ट्या स्वस्तात मिळतात, आणि एवढ्या कमी खर्चात एवढा लाभ देणारे दुसरे काम या गाडीत नाही.

कूलंटच्या बाबतीत तडजोड करू नये. बोअरचे पाणी टाकणे हा आपल्याकडचा जुना आणि महाग पडणारा रिवाज आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर ते मुळीच वापरू नये, कारण त्यातले क्षार ॲल्युमिनियम खातात आणि बारीक वाहिन्यांत थर धरतात. या गाडीसाठी एमबी 325.0 या मर्सिडीजच्या मानकाचे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्यावे. स्थानिक दुकानातले हिरवे कूलंट त्यात मिसळू नये. आधी कोणते भरले आहे याची खात्री नसेल, तर संपूर्ण यंत्रणा डिस्टिल्ड वॉटरने धुऊन नव्याने भरावी. कूलंटच्या टाकीचे झाकणही बदलावे. एक बार जादा दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही, परंतु झाकण दाब धरत नसेल तर हा सगळा फायदा वाया जातो. इंजिन गरम असताना ते झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

कमी तापमानाचा थर्मोस्टॅट (कूलंटचा रेडिएटरकडचा मार्ग उघडणारी झडप) बसवण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. तो लवकर उघडतो, एवढेच; रेडिएटरची उष्णता टाकण्याची क्षमता त्याने वाढत नाही. भर उन्हात चढावर मूळ थर्मोस्टॅटही पूर्ण उघडलेलाच असतो. तो पैसा वॉटर पंप आणि पंख्याच्या मोटरवर खर्च करावा. स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरमधल्याच एका कप्प्यात थंड होते, त्यामुळे ताकद वाढवायची असल्यास त्या तेलासाठी समोर स्वतंत्र छोटा कूलर बसवावा. त्याने रेडिएटरचा भारही हलका होतो.

इंटरकूलर या गाडीत हवेवर चालणारा आहे. ज्या सुपरचार्ज्ड गाड्यांत तो पाण्यावर चालतो, तिथे त्या पाण्याचा स्वतंत्र विजेचा पंप आणि पुढचा छोटा रेडिएटर तपासावा लागतो, कारण पंप मंदावला तरी डॅशबोर्डवर दिवा लागेलच असे नाही. आपल्या गाडीत आधी जुना इंटरकूलर आतून धुवावा. ब्रीदरमधून आलेल्या तेलाचा थर आत बसला की उष्णता बाहेर जात नाही. त्यानंतरही दुपारच्या नोंदीत हवेचे तापमान बाहेरच्या तापमानापेक्षा फार वर राहत असेल, तर जाड गाभ्याचा मोठा इंटरकूलर बसवावा, मात्र तो रेडिएटरची हवा अडवणार नाही याची काळजी घेऊनच.

हवेच्या फिल्टरबद्दल स्पष्ट सांगतो: उघडा, शंकूच्या आकाराचा ‘कोन’ फिल्टर विदर्भात लावू नये. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि फुफाट्यातली बारीक धूळ सुपरचार्जरच्या रोटरवरील लेप घासून काढते. बंद डब्यातला मूळ कागदी फिल्टरच ठेवावा, आणि मळणीच्या हंगामात तो ठरलेल्या मुदतीआधी बदलावा.

एवढे झाल्यावर पुलीकडे वळावे. व्यास 10 टक्क्यांनी घटवला, तर सुपरचार्जरचा वेग सुमारे 11 टक्क्यांनी वाढतो. आपल्या हवामानात याहून पुढे जाऊ नये. पुली तयारच घ्यावी. लेथवर घरगुती काम केलेली पुली थोडी जरी तिरकी फिरली, तरी बेअरिंग जाते. नवा बेल्ट आणि नवा टेन्शनर सोबतच बसवावेत, कारण छोट्या पुलीवर बेल्टची पकड कमी होते आणि तो घसरू लागतो. स्पार्क प्लग एक पायरी थंड प्रकारचे, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, घ्यावेत.

पुली बदलून ईसीयूचे रिमॅपिंग (त्यातल्या इंधन आणि ठिणगीच्या तक्त्याची, म्हणजे मॅपची, नव्याने मांडणी) टाळणे म्हणजे इंजिन धोक्यात घालणे होय. हे काम नागपूर, पुणे अशा ठिकाणच्या जाणकाराकडून, वाइडबँड सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) लावून करून घ्यावे. आता पंपावर मिळणाऱ्या ई20 पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असल्याने इंजिनाला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागते. त्यामुळे हवा-इंधनाच्या गुणोत्तरापेक्षा लॅम्बडा (प्रत्यक्ष हवा आणि त्या इंधनाला नेमकी लागणारी हवा यांचे प्रमाण) पाहावा आणि पूर्ण बूस्टवर तो 0.82 ते 0.85 च्या दरम्यान ठेवायला सांगावे. जुन्या गाडीच्या इंधननळ्या आणि सील इथेनॉलला टिकणारे आहेत का, हेही तपासून घ्यावे. मॅप थंड सकाळी नव्हे, तर उन्हात तपासला जावा, असा आग्रह धरावा.

चाचणी दोन प्रकारची घ्यावी. समृद्धी महामार्गावर ताशी 120 किलोमीटरच्या मर्यादेत सलग तासभर चालवल्यास रेडिएटरला भरपूर हवा मिळते, आणि तिथे इंजिन व तेल यांचे स्थिर तापमान कळते. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात मात्र वेग कमी आणि भार जास्त असतो, म्हणजे सगळी भिस्त पंख्यावर असते. महामार्गावर शांत राहणारी गाडी घाटात तापली, तर दोष बहुधा पंख्यात, त्याच्या आवरणात किंवा पातींत अडकलेल्या कचऱ्यात सापडतो. कूलंट 105 अंशांच्या पुढे जाऊ लागले, तर एसी बंद करून सुरक्षित जागी थांबावे, इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवावे आणि पंखा फिरतो का ते पाहावे. तरीही काटा चढतच असेल, तर इंजिन लगेच बंद करावे.

वाढीव ताकदीसोबत ब्रेक फ्लुइड नवे भरावे, पॅड तपासावेत आणि टायर जुने असतील तर बदलावेत. काँक्रीटच्या तापलेल्या रस्त्यावर जुना टायर फुटण्याचा धोका खरा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये वाहनातील फेरफारांवर निर्बंध आहेत, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी, विमा कंपनीला बदल लेखी कळवावेत आणि रिमॅपनंतर पीयूसी तपासणी पुन्हा करून घ्यावी. मूळ पुली, जुना मॅप आणि सगळ्या नोंदी जपून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात टायमिंग पुन्हा मागे जाताना दिसले, तर गाडी मूळ स्थितीत आणून दोष शोधता येईल.