गावाचे बदलते हवामान शाळेच्या भिंतीवर

हवामान बदलावर भित्तिचित्र काढायचे ठरले की, बहुतेक शाळांत डोळ्यांतून पाणी गाळणारी पृथ्वी आणि वितळणाऱ्या हिमखंडावरचे ध्रुवीय अस्वल हीच दोन चित्रे भिंतीवर येतात. कोकणातल्या मुलांनी यांपैकी काहीच पाहिलेले नसते; वादळ मात्र त्यांच्या घरावरून गेलेले असते. म्हणून रंग आणण्यापूर्वी दोन आठवडे विषय गोळा करण्यासाठी राखून ठेवावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील आजी-आजोबांना, बागायतदाराला किंवा मासेमारी करणाऱ्या शेजाऱ्याला तीनच प्रश्न विचारावेत: पाऊस पूर्वी कधी येई व आता कसा येतो, आंब्याला मोहर कधी धरतो, आणि जाळ्यात पूर्वी येणारा कोणता मासा आता दिसत नाही. रायगडच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्या भागातील मुलांकडे सांगण्यासारखे खूप असते.

या आठवणींना विज्ञानाच्या शिक्षकांनी आधार द्यावा. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की, ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते, आणि म्हणून पाऊस पडतो तेव्हा तो कोसळण्याची शक्यता वाढते, एवढे कार्यकारण सातवीच्या मुलाला सहज कळते. प्रत्येक पुराचे खापर मात्र थेट हवामान बदलावर फोडू देऊ नये. नदीपात्रातील भराव, तोडलेली झाडे आणि तुंबलेली गटारे हीही चित्रात यायला हवीत.

भिंत निवडताना घाई करू नये. जांभ्या दगडाच्या उघड्या गडग्यावर बारीक काम टिकत नाही. गिलावा केलेली, ओल न धरणारी आणि शक्यतो दुपारचे ऊन थेट न लागणारी भिंत घ्यावी. काम दिवाळीनंतर, भिंत पुरती सुकल्यावर सुरू करावे. सुटलेले पोपडे पत्र्याने खरवडून, शेवाळ घासून काढून, भेगा बुजवाव्यात आणि बाहेरच्या भिंतीसाठीच्या प्रायमरचा हात द्यावा. जमिनीलगतचा फूटभर पट्टा गेरूच्या रंगाचा ठेवून चित्र त्याच्या वर सुरू करावे, कारण पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे तेवढ्या उंचीपर्यंत उडतातच.

चित्र सर्वांचे व्हावे यासाठी चौकटींची पद्धत उत्तम. वीस फूट लांब व आठ फूट उंच चित्रासाठी कागदावर एका फुटाला दोन सेंटीमीटर या प्रमाणात, म्हणजे चाळीस बाय सोळा सेंटीमीटरचा आराखडा करावा. भिंतीवर रंगीत खडूच्या पुडीत लोळवलेला दोरा दोघांनी ताणून धरावा आणि तिसऱ्याने मधोमध उचलून सोडावा. सरळ रेष उमटते. एकेक फुटाच्या १६० चौकटी होतात, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला चार. उभ्या रांगांना अक्षरे व आडव्या रांगांना आकडे द्यावेत, म्हणजे ‘क-५ कोणाची?’ एवढ्या प्रश्नावर काम चालते. चित्रकलेत हुशार असलेल्या चार मुलांनाच सर्व माणसांचे चेहरे देण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा; चिठ्ठ्या टाकून चौकटी वाटाव्यात.

खरी पंचाईत होते ती सांध्यांवर. एका मुलाचा समुद्र हिरवट, शेजारणीचा निळा, असे आमच्या पहिल्या भिंतीवर झाले आणि पाणी गोधडीसारखे दिसू लागले. तेव्हापासून बाहेरच्या भिंतीचा पांढरा इमल्शन रंग आणि स्टेनर (पांढऱ्यात मिसळायचा दाट रंग) यांपासून सहा-सातच छटा एकदाच पुरेशा प्रमाणात कालवून झाकणाच्या बादल्यांत ठेवतो, आणि मुलांना दह्याच्या रिकाम्या डब्यांतून रंग वाटतो. आधी आकाश, समुद्र, जमीन असे मोठे भाग, ते वाळल्यावर आकृत्या, आणि शेवटी गडद रेषा हा क्रम मोडू नये. शिडीवर फक्त मोठ्यांनी चढावे. एका वेळी आठ-दहांहून अधिक मुले भिंतीपाशी नसावीत. सर्व चौकटी झाल्यावर एक पूर्ण दिवस फक्त सांधे जुळवण्यासाठी ठेवावा आणि ते काम शेजारी चौकटी असलेल्या जोड्यांनीच करावे.

वरच्या कडेला तापमानाचे पट्टे घेता येतात. रेडिंग विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या रचनेत एक पट्टा म्हणजे एक वर्ष. थंड वर्षे निळी, उष्ण वर्षे लाल. ही कडा शोभेसाठी नसून आकडेवारी असल्याने रंगांचा क्रम अंदाजाने लावू नये.

इमल्शन हेही एक प्रकारचे प्लास्टिकच आहे, त्यामुळे ब्रश धुतलेले पाणी झाडांच्या आळ्यात किंवा गटारात ओतू नये. ते बादलीत साठवून, गाळ खाली बसल्यावर वरचे पाणी पुढच्या धुण्याला वापरावे आणि गाळ वाळवून कचऱ्यात टाकावा. उरलेले रंग छटेचे नाव लिहून घट्ट झाकून ठेवावेत; पहिल्या पावसाळ्यानंतर डागडुजीला ते लागतातच.