लंडनला शिकारीच्या रायफली बघायला जायचं असेल तर (कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडनं)

भाच्याकडं लंडनला गेलो की मी राजवाडा वगैरे सोडून बंदुकवाल्यांची दुकानं बघतो, आणि परत आलो की उद्यमनगरात चहाच्या टपरीवर कोणतरी हमखास विचारतंय की आत सोडतात का, घ्यायचं नसेल तर हाकलत नाहीत का, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी इथंच सराव करा. न्यू पॅलेसच्या म्युझियमला सगळे पेंढा भरलेल्या वाघापाशी थांबतात, तुम्ही हत्यारांच्या काचेपाशी थांबा. दुनळी दिसली तर नळीचं तोंड बघा. छऱ्याच्या बंदुकीची नळी कडेला पत्र्यासारखी पातळ असते, रायफलीची जाड, आणि वर मागच्या बाजूला उघडमीट होणाऱ्या छोट्या पट्ट्या असतात, त्या अंतराप्रमाणं नेम धरायला. एवढं ओळखता आलं तरी दुकानात तुमच्याशी बोलायची भाषाच बदलते बघा.

आता दुकानं. पर्डी मेफेअरला साउथ ऑडली स्ट्रीटवर, 1814 पासूनची पेढी. रिग्बी त्याहून जुनी, 1775 ची, मूळची डब्लिनची, आता लंडनात व्हॉक्सहॉलला. वेस्टली रिचर्ड्स बर्मिंगहॅमला, ते वेगळं तिकीट काढून जावं लागतं. कुठंही जा, आधी ईमेल टाका आणि खरं लिहा की घ्यायची नाही, बघायचीय, आमचं मशिनशॉप आहे. मी असंच लिहिलं होतं आणि उत्तर आलं. उगं मोठा गिऱ्हाईक असल्याचा आव आणला तर पाच मिनिटांत उघडा पडतोय माणूस.

जाताना मोठ्या बकलाचा पट्टा नको, अंगठी काढून खिशात, चेनचं जॅकेट बाहेरच काढा. अक्रोडाच्या दस्त्यावर एक ओरखडा म्हणजे काय हे सांगायला नको. रॅकमधनं आपल्या हातानं काही उचलायचं नाही, ते देतात तेव्हाच घ्यायचं. हातात आली की पहिलं काम म्हणजे उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना बघणं, त्यांनी आत्ताच दाखवल्या असल्या तरी. तोंड जमिनीकडं, माणसाकडं कधीच नाही, चापावर बोट नाही. न विचारता चाप ओढून बघायचा नाही, ते आत खोटं काडतूस घालून देतात मग ओढा. आणि धरायची ती लाकडाला धरून, घामट हाताचा ठसा स्टीलवर राहिला की गंज धरतोय.

माझी चूक पण सांगतो. एका दुकानात, नाव सांगत नाही, मी दुनळी बघून झाल्यावर पिच्चरमधल्यासारखी खटकन मिटवली. सेल्समन काही बोलला नाही पण त्याचं तोंड असं झालं की मी त्याच्या पोराला कानाखाली दिलीय. नळ्या स्थिर धरायच्या आणि दस्ता हळू वर आणून मिटवायची, आवाज आला तर तो तिजोरीच्या दारासारखा मऊ.

बघायचं काय, तर नक्षी सगळ्यात शेवटी. नक्षीनं डोळे दिपतात आणि खरं काम राहून जातं. आधी लाकूड आणि लोखंड जिथं भेटतंय तिथं नख फिरवा, अडकायला नको. स्क्रूच्या खाचा बघा, चांगल्या कामात सगळ्या नळीच्या रेषेत सरळ उभ्या असतात. दोन भाग एकमेकांत नीट बसलेत का बघायला आपण निळा रंग लावतो की नाही, ते लोक दिव्याची काजळी धरतात, जोड बसवायचा, काढायचा, काजळी जिथं लागली तिथं कानशीनं एक घास, परत बसवायचा. हे ऐकल्यावर मला तर गल्लीतला आमचा जुना फिटर आठवला.

दुनळी रायफलीत खरी मेख पुढंच आहे. दोन नळ्या समांतर नसतात, पुढं किंचित आत झुकलेल्या असतात, आणि दोन्ही गोळ्या ठराविक अंतरावर एकाच जागी लागल्या पाहिजेत. त्यासाठी गणित कमी आणि माणूस जास्त. गोळी झाडायची, सोल्डर सैल करून मधली पाचर जराशी सरकवायची, परत झाडायची, जमेपर्यंत. ते पण एकाच प्रकारच्या काडतुसासाठी, काडतूस बदललं की नेम बिघडला. हे कोण करतं तुमच्याकडं, एवढंच विचारा, अर्धा तास बोलतील.

दुसरा हुकमी प्रश्न, 450 बोअर (म्हणजे नळीच्या भोकाचं माप) सोडून 470, 465 असली विचित्र मापं का आली? ह्याचं उत्तर आपल्याकडंच आहे. 1907 च्या सुमारास सरकारनं हिंदुस्थानात 450 बोअर आणायला बंदी घातली, त्याचा दारूगोळा बंडखोरांच्या हातातल्या मार्टिनी-हेन्री ह्या जुन्या लष्करी रायफलीला चालेल ह्या भीतीनं. मग आपल्या राजेरजवाड्यांचं आणि साहेबांचं गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून प्रत्येक कारखान्यानं वेगळं माप काढलं. रिग्बीत गेलात तर जिम कॉर्बेटच्या 275 बोअरच्या रायफलीबद्दल विचारा. चंपावतची वाघीण मारल्यावर त्याला बक्षीस मिळालेली ती, 2015 मध्ये कंपनीनं परत घेतली.

किंमत पहिल्यांदा विचारू नका, पण कळलीच तर तोंड उघडं ठेवू नका. पहिल्या दर्जाची नवी दुनळी लाख पौंडाच्या वर, म्हणजे आपला कोटीचा आकडा, आणि वाट बघायची वर्षावर. इकडं आणायचा विचार सोडा राव. लायसन्स असलं तरी 2019 नंतर दोनच हत्यारं, आणि शिकार तर 1972 च्या कायद्यानं बंद, दाजीपूरचा गवा आता नुसता बघायचा.

निघताना ते तेलाच्या फडक्यानं रायफल पुसतात, राग मानू नका, सगळ्यांच्याच हाताची पुसतात. फोटो विचारून काढा आणि नंबर दिसेल असा काढू नका, रॅकमधली बरीच जुनी रायफल दुसऱ्याची विक्रीला ठेवलेली असते.