एसीसीमध्ये काम करायचंय? अंतराआधी कोन शिका

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलच्या (एसीसी, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा) कामाला लागलेले बहुतेक फ्रेशर अंतरावर अडकतात. अंतर आणि वेग मोजणं हा रडारच्या डाव्या हातचा मळ आहे. ७७ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३.९ मिलिमीटर, सापेक्ष वेग सेकंदाला १० मीटर असला की सुमारे ५.१ किलोहर्ट्झ डॉप्लर (परतलेल्या लहरीच्या वारंवारतेतला फरक) मिळतो. १ गिगाहर्ट्झ बँडविड्थमध्ये (लहरीच्या वारंवारतेचा पट्टा) १५ सेंटिमीटर पुढंमागं असलेल्या वस्तू वेगळ्या दिसतात. खरी मारामारी असते ती समोरच्या गाड्यांपैकी आपल्या लेनमधली कोणती, यावर. तिथं कोनच लागतो.

हे हाताखालून गेलं पाहिजे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एडब्ल्यूआर१८४३ बोर्डवर ३ ट्रान्समिट आणि ४ रिसीव्ह अँटेना असतात. आडव्या कोनासाठी त्यातून ८ आभासी अँटेना (ट्रान्समिट-रिसीव्हच्या जोड्या) मिळतात, म्हणजे विभेदन, दोन वस्तू वेगळ्या दिसायला लागणारा किमान कोन, साधारण १४ अंश. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन कॉर्नर रिफ्लेक्टर (तीन पत्रे काटकोनात जोडलेला, लहर आली तिकडंच परत पाठवणारा कोपरा) बनवा, १० सेंटिमीटर कडांचे. तिन्ही पत्रे गुण्यात बसवा, कोन सुटला की परावर्तन पडतं. मोकळ्या मैदानात दोन्ही १० मीटरवर, एकमेकांपासून १ मीटरवर ठेवा: रडारला एकच ठिपका दिसेल. एक रिफ्लेक्टर अर्धा मीटर मागं सरकवा, लगेच दोन होतील. शेजारी-शेजारी एकाच वेगानं चाललेल्या दोन मोटरसायकली एकच 'वाहन' का होतात, ते इथं कळतं.

उभी गाडी हा वेगळाच विषय. कमान, मॅनहोलचं झाकण, दुभाजकाचा पत्रा, सगळेच स्थिर परावर्तन देतात. म्हणून अनेक सिस्टिम कधीच हलताना न दिसलेली वस्तू गाळतात किंवा कॅमेऱ्याची साक्ष मागतात. युजर मॅन्युअलमधली 'उभ्या गाडीसाठी ब्रेक लागेलच असं नाही' ही इशारावजा ओळ उगाच नसते.

आता तक्रार येते: 'सरळ रस्त्यावर शेजारच्या लेनमधल्या ट्रकसाठी ब्रेक लागतो.' सॉफ्टवेअर उघडण्याआधी बंपर बघा, रडार त्याच्यामागं असेल तर लहर त्यातूनच जाते. डागडुजीत पुट्टीचा थर किंवा मेटॅलिक रंगाचे जादा हात बसले असतील तर सिग्नल क्षीण होतो आणि कोनही वाकतो. मग रडार ज्यावर बसवलंय ते ब्रॅकेट. रडार १ अंशानं फिरलं तर १०० मीटरवर १.७५ मीटरची चूक होते, ३.५ मीटरच्या लेनची ही बरोबर निम्मी रुंदी.

गंमत अशी, की यॉ-रेट सेन्सरही (गाडी उभ्या अक्षाभोवती किती वेगानं वळतेय ते मोजणारा) हीच चूक दाखवू शकतो. गाडीचा पुढचा मार्ग यॉ-रेटला वेगानं भागून काढतात. सेन्सरला सेकंदाला अर्ध्या अंशाचा ऑफसेट (कायमची ठरावीक चूक) असेल, तर ताशी ९० किलोमीटरला १०० मीटरवर तितकाच, १.७५ मीटरचा फरक पडतो. दोन्ही ओळखायचे कसे? ५० मीटरवरचा ट्रक लॉगमध्ये (गाडीनं साठवलेल्या नोंदींत) शोधा. ब्रॅकेटची चूक तिथं निम्मी होते, यॉ-रेटची पाव. शिवाय गाडीचा वेग बदलला तरी ब्रॅकेटची चूक बदलत नाही. गाडी सिग्नलला उभी असतानाचा यॉ-रेट बघितला तर एवढीही गरज पडत नाही: तो शून्याच्या आसपास नसेल, तर रडारच्या ब्रॅकेटला पाना लावू नका.